रोजच्या ये-जा साठी मॅन्युअल गाडी: कोणाला झेपते, कोणाला नाही?

तिसरं पेडल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गाडी बदलायची वेळ आली आहे आणि घरात 'आता ऑटोमॅटिकच' असा ठराव माझ्या गैरहजेरीत एकमताने मंजूर झालाय. मी मात्र अजून मॅन्युअलवर अडून बसले आहे.

माझा रोजचा रस्ता असा: सुरुवातीला मोकळा, चौथा-पाचवा गिअर आरामात लागतो. मग एक चढाचा पूल आणि पुलापलीकडे रांग. रांग म्हणजे पहिला, दुसरा, थांबा, पुन्हा पहिला. संध्याकाळी सगळं हेच, फक्त उलट्या क्रमाने आणि माणूस दमलेला.

'मॅन्युअल म्हणजेच खरं ड्रायव्हिंग' छापाचं तत्त्वज्ञान नको, ते ऐकून झालंय. जे लोक मॅन्युअल गाडी रोज गर्दीतून काढतात त्यांनी सांगावं की डावा पाय टिकतो का, क्लच प्लेट किती लवकर जाते, आणि त्रास कमी करायच्या खरोखर उपयोगी पडणाऱ्या सवयी कोणत्या.

मी का अडून बसले आहे तेही सांगते. गाडी पुढच्या क्षणाला काय करणार हे मला आधी माहीत असतं. ओव्हरटेक करायच्या आधी तिसरा मीच टाकलेला असतो. पेडल दाबून गाडीचा विचार पूर्ण होईपर्यंत वाट बघत बसावं लागत नाही. एवढंच.

शांत सवारी

घ्या ऑटोमॅटिक. धागा संपला. :)

ऑईलचे हात

शांत सवारी, एवढ्यात संपवू नका, आमचं पोट यावरच आहे.

ताई, सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न क्लच प्लेटचा, म्हणून तिथूनच सुरू करतो. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, जवळपास सारखाच रस्ता; एकीची क्लच प्लेट तीस-चाळीस हजार किलोमीटरला संपते आणि दुसरी लाखाच्या पुढे जाऊनही पहिल्याच प्लेटवर असते. असं आमच्याकडे नेहमी दिसतं. फरक गाडीत नसतो, चालवणाऱ्याच्या डाव्या पायात असतो.

आत काय होतं ते बघा. इंजिनाला फ्लायव्हील जोडलेलं असतं, ते सतत फिरतं. त्याच्यासमोर प्रेशर प्लेट, आणि दोघांच्या मधे चिमटीत धरलेली क्लच प्लेट. ही प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसते. पेडल सोडलेलं असताना चिमटी घट्ट असते, प्लेट घसरत नाही, म्हणजे झिजतही नाही. पेडल पूर्ण दाबलं की चिमटी सुटते, तेव्हाही प्लेट झिजत नाही. झिजते ती मधल्या अवस्थेत, म्हणजे आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो तेव्हा. एक बाजू जोरात फिरतेय, दुसरी हळू, आणि दोन्ही एकमेकांवर घासतायत. या घासण्यातून उष्णता होते. गाडी उचलताना क्षणभर हे होणारच, क्लच त्यासाठीच बनवलाय. पण चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे लोक असतात. ते अर्ध्या मिनिटात जेवढं घासतात तेवढं नीट उचललेल्या गाडीला कितीतरी सिग्नल पुरेल.

असा जळलेला क्लच उघडला की आधी वास येतो, मग दिसतं. प्रेशर प्लेटच्या चकचकीत पृष्ठभागावर निळे-जांभळे डाग पडलेले, कधी केसासारख्या बारीक भेगा. प्लेटचं अस्तर इतकं उतरलेलं की रिव्हेटची डोकी वर आलेली. हे बघितल्यावर गाडीचा मालक 'कंपनीचा माल खराब' म्हणतो. आम्ही मान डोलावतो.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: क्लच स्विचसारखा वापरा. दाबायचा तर पूर्ण दाबा, सोडायचा तर पूर्ण सोडून पाय बाजूला ठेवा. बाजूला म्हणजे डाव्या कोपऱ्यात जो पाय टेकायचा सपाट भाग असतो तिथे. पेडलवर पाय नुसता 'ठेवलेला' असला तरी थोडा दाब पडतो, आणि तेवढ्यानेही रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर ती चिमटी उघडणारं बेअरिंग, फिरत राहतं.

नवशिका

ऑईलचे हात दादा, एक शंका. सिग्नलला थांबल्यावर क्लच दाबून पहिल्यात राहायचं की न्यूट्रल करायचं? मला शिकवणारे म्हणायचे पहिल्यातच राहा, हिरवा झाल्यावर गडबड होत नाही.

ऑईलचे हात

न्यूट्रल. क्लच दाबून ठेवला की सगळा भार रिलीज बेअरिंगवर आणि त्यामागे इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. काही सेकंदांसाठी बिघडत नाही, पण लांब सिग्नलला दर वेळी असंच केलं तर बेअरिंग किरकिरायला लागतं. पेडल दाबल्यावर घरघर येते आणि सोडल्यावर जाते, ती याच बेअरिंगची. बेअरिंग स्वतः लहानसं, पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरी त्याचीच.

ज्या गाड्यांत थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होतं, त्यातल्या बहुतेकांतही न्यूट्रल करून क्लच सोडल्याशिवाय ते बंद होत नाही. म्हणजे गाडी बनवणाऱ्यांचीही अपेक्षा हीच आहे.

जुना चालक

वरचं सगळं बरोबर, त्यात एक भर घालतो. सिग्नलला मी रांगेत शेवटचा असेन तर लगेच न्यूट्रल करत नाही. पहिल्यात, क्लच दाबून, नजर आरशात. मागची गाडी येऊन थांबली की मग न्यूट्रल आणि हँडब्रेक. मागचा थांबेल असं वाटलं नाही तर पुढे किंवा बाजूला सरकायला गिअर तयार हवा. बेअरिंग परत मिळतं, मान मिळत नाही. हां, त्यासाठी पुढच्या गाडीला चिकटून थांबायचं नाही. तिची मागची चाकं रस्त्यावर टेकलेली दिसली पाहिजेत एवढं अंतर ठेवायचं.

नवशिका

काका, हे कोणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद!

गुडघा बोलतो

धाग्याचं शीर्षक वाचून राहवलं नाही. माझ्या आयडीवरून कळलंच असेल.

डावा गुडघा दुखतो म्हणून मी डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी सीट कुठे असते ते विचारलं. सीट फार मागे असेल तर क्लच पूर्ण दाबताना पाय सरळ ताठ होतो आणि शेवटचं थोडं अंतर माणूस कंबर सरकवून दाबतो. फार पुढे असेल तर गुडघा जास्त वाकलेल्या अवस्थेतून जोर लावावा लागतो. क्लच पूर्ण खाली दाबलेला असताना गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे, आणि पाठ सीटला टेकलेली राहिली पाहिजे. टाच जमिनीवर टेकवून फक्त पंजाने दाबायचा प्रयत्न करू नका; क्लचला लांब चाल असते, पूर्ण पाय उचलून मांडीच्या जोराने दाबायचा. हे बदलल्यावर दुखणं बरंच कमी झालं. पूर्ण गेलं नाही.

आणि ताई, खरं सांगू का? ज्यांच्या गुडघ्याला जुनी इजा आहे, शस्त्रक्रिया झालीय, त्यांनी हट्ट करू नये. यात हार-जीत काही नाही.

ऑईलचे हात

गुडघा ताई, गाडीचा क्लच आधीपासूनच जड होता की हळूहळू जड झाला? कारण प्लेट झिजत जाते तसा चिमटी घट्ट धरणाऱ्या डायफ्रॅम स्प्रिंगचा कोन बदलतो आणि पेडल जड होत जातं. रोज तीच गाडी चालवणाऱ्याला ते जाणवत नाही, दुसऱ्याने बसून बघितलं की तो लगेच म्हणतो 'केवढा जड आहे हा!' केबलचा क्लच असेल तर केबल आतून सुकलेली किंवा तार उसवलेली असू शकते. हायड्रॉलिक असेल आणि पेडल उलट मऊ, स्पंजसारखं लागत असेल तर लाईनमध्ये हवा किंवा जुनं फ्लुइड. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच टाकीतलं फ्लुइड वापरतात. ते हवेतली ओल शोषतं म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. बदलतं कोण, हा वेगळा प्रश्न.

गुडघा बोलतो

हळूहळू जड झाला!! दाखवते लगेच.

रांगेतला

आमचा अख्खा रस्ताच रांग आहे, तेव्हा अनुभवाचे बोल.

बहुतेक लोक रांगेत काय करतात: पुढची गाडी दोन हात सरकली की लगेच पहिला, हाफ क्लच, सरकले, ब्रेक, क्लच. परत तेच. दर वेळी क्लच घासतो आणि दर वेळी पाय दाबतो. मी पुढच्याला जाऊ देतो. दोन-तीन गाड्यांची जागा तयार झाली की पहिला टाकून क्लच पूर्ण सोडतो आणि ॲक्सिलरेटरला हातच लावत नाही, म्हणजे पायच लावत नाही. आजकालच्या इंजिनांत संगणक आयडलिंग सांभाळून घेतो, भार पडला की स्वतःच थोडं इंधन वाढवतो. सपाट रस्त्यावर गाडी पहिल्यात आपोआप, चालणाऱ्या माणसापेक्षा जरा जास्त वेगाने पुढे जात राहते. अशी रांगत नेली की बऱ्याचदा थांबायची वेळच येत नाही, कारण मी पोचेपर्यंत पुढचा परत सरकलेला असतो.

शांत सवारी

आणि त्या मोकळ्या जागेत बाकीचे घुसतात त्याचं काय?

रांगेतला

घुसू दे. प्रत्येक जण घुसला तरी मी किती उशिरा पोचणार? घुसणारा बहुतेक वेळा पुढच्या सिग्नलला माझ्या दोन गाड्या पुढे उभा असतो. माझा पाय तेवढ्या वेळात निवांत असतो.

शांत सवारी

हे सगळं वाचून मला एकच कळलं की मॅन्युअलवाल्यांनी ऑटोमॅटिकइतकं आरामात चालवता यावं म्हणून केवढे कष्ट घेतलेत. :)

गमतीचा भाग सोडा. मी बरीच वर्षं मॅन्युअल चालवून मग बदललं. गिअर बदलण्याचा कंटाळा आला म्हणून नाही. संध्याकाळी घरी पोचल्यावर चिडचिड व्हायची, ती कमी झाली. डोकं मोकळं राहतं. याची किंमत अनुभव घेतल्याशिवाय कळत नाही. शिवाय आताचे क्रूझ कंट्रोल पुढच्या गाडीच्या मागे स्वतः थांबतात आणि स्वतः निघतात. मॅन्युअलमध्ये हे क्रूझ असलं तरी एका वेगाच्या खाली ते हात वर करतं, कारण क्लच दाबणार कोण?

तिसरं पेडल (धागाकर्ती)

शांत सवारी, हा पहिला मुद्दा ज्यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. नोंद घेतली.

आकडेमोड

ॲव्हरेजचा विषय अजून कोणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतं.

'मॅन्युअल जास्त ॲव्हरेज देते' हे वाक्य जुन्या ऑटोमॅटिकच्या काळात खरं होतं. तीन-चार गिअर, आणि टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असलेला, तेलातून जोर पोचवणारा भाग) सतत थोडा घसरत असायचा. आता त्याला हे घसरणं थांबवणारा लॉक-अप क्लच असतो, गिअर सहा-आठ असतात, सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) तर इंजिनाला हव्या त्या आरपीएमवर धरून ठेवतो. अधिकृत चाचण्यांत कित्येक मॉडेलची ऑटोमॅटिक आवृत्ती मॅन्युअलच्या बरोबरीला किंवा पुढे असते. म्हणून ॲव्हरेजसाठी मॅन्युअल घेत असाल तर कारण बदला.

पण मॅन्युअलमध्ये ॲव्हरेज बिघडवणाऱ्या दोन सवयी मात्र नक्की आहेत. एक, गिअर उशिरा बदलणं. युरोपात तर २०१२ पासून नव्या मॅन्युअल मॉडेलना 'आता वरचा गिअर टाका' असं दाखवणारा इंडिकेटर बंधनकारक झाला, तो यासाठीच. दुसरी सवय, उतारावर न्यूट्रल करणं.

नवशिका

न्यूट्रलने पेट्रोल वाचत नाही?? आमच्याकडे सगळे करतात.

आकडेमोड

नाही वाचत. इंजेक्शनवाल्या गाडीत गिअर लागलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक इंधन पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतात, जाळायची गरज नसते. आरपीएम साधारण हजार-दीड हजारापर्यंत उतरले की मग पुन्हा थोडं इंधन सुरू होतं. न्यूट्रल केलं की चाकांशी संबंध तुटला, मग इंजिन चालू ठेवायला आयडलिंगचं इंधन लागणारच. छोट्या पेट्रोल इंजिनालाही तासाला पाऊण-एक लिटर लागतं. कार्ब्युरेटरच्या काळातली सवय आहे ही, गाड्या बदलल्या पण सवय उरली.

(सपाट रस्त्यावर दूरपर्यंत घरंगळत जायचं असेल तर हिशोब वेगळा होतो, कारण इंजिनाचा ब्रेक लागत नाही. पण त्यात पडू नका, उतारावर तर मुळीच नको.)

घाटवाट

उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, लांबूनच. पेट्रोल राहू द्या बाजूला. लांब उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी फक्त ब्रेकवर उतरते. ब्रेक तापतात, पॅडची पकड कमी होते, फ्लुइड उकळलं तर पेडल तळाला जातं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये किंवा एक खाली उतरा, इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. ब्रेक थोडा वेळ, पण ठामपणे लावायचा आणि सोडायचा. सारखा घासत ठेवायचा नाही.

आता चढावर गाडी उचलण्याबद्दल. नवशिक्या, तुझा पुढचा प्रश्न हाच असणार.

नवशिका

हो!! पुलाच्या चढावर मागे कोणी चिकटून उभं राहिलं की हातपाय गळतात.

घाटवाट

हँडब्रेक ओढ. पायाचा ब्रेक सोडून दे, गाडी जागची हलणार नाही. पहिला टाक, थोडी रेस दे, क्लच हळूहळू सोड. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज दबल्यासारखा होईल आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटेल. तिथे पाय अगदी क्षणभर थांबव आणि हँडब्रेक खाली सोड. गाडी पुढेच जाणार. हँडब्रेक सोडल्यावर गाडी जराही मागे गेली तर समज की क्लच अजून तेवढा सोडलेला नव्हता. सवय झाली की आवाजावरूनच कळतं, मग आरपीएमच्या काट्याकडे बघावं लागत नाही.

नव्या बऱ्याच गाड्यांत चढावर ब्रेक सोडल्यावरही गाडी दोनेक सेकंद धरून ठेवणारी सोय असते. ती असेल तर उत्तम, पण दोन सेकंदांनंतर ती सोडून देते हे लक्षात ठेव. बटणाचा हँडब्रेक असेल तर बहुतेक वेळा क्लच पकडल्यावर तो आपोआप सुटतो.

आणि मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू दे. हॉर्नने चढ कमी होत नाही.

जुना चालक

आमच्या काळात जड वाहनांत गिअर उतरवताना क्लच दोनदा दाबायचो. दाबला, न्यूट्रल, सोडला, रेस दिली, पुन्हा दाबला, गिअर टाकला. नाहीतर खर्रकन आवाज आणि शेजारी बसलेल्या उस्तादाची टपली. आताच्या पोरांना हे करायची गरज नाही, सिंक्रोमेश आहे. दोन फिरणाऱ्या गिअरचा वेग जुळवून देणारी पितळी कडी. १९२८ साली कॅडिलॅकने ती पहिल्यांदा गाडीत आणली, अर्ल थॉम्पसन नावाच्या इंजिनिअरची कल्पना. मजा अशी की पुढे हाच माणूस ज्या गटाचा प्रमुख होता त्याने हायड्रामॅटिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तयार केला. म्हणजे तिसरं पेडल सोपंही त्यानेच केलं आणि काढून टाकायच्या मागेही तोच लागला.

रिव्हर्सला मात्र अजूनही अनेक गाड्यांत सिंक्रो नसतो. गाडी पूर्ण थांबू दे, क्लच दाबून एक-दोन सेकंद थांब, मग टाक. नाही लागला तर जोर लावू नकोस. क्लच सोडून परत दाब, किंवा एकदा पहिल्यात टाकून मग रिव्हर्स टाक.

आकडेमोड

काका, थॉम्पसनची गोष्ट भारी. रिव्हर्समध्ये गाडी कुईं करत जाते तेही बहुतेक सरळ दात्यांच्या गिअरमुळे. पुढच्या गिअरांचे दाते तिरके असतात, म्हणून ते शांत.

तिसरं पेडल (धागाकर्ती)

उलट दिशेची एक भीती मलाही विचारायची आहे. वेगात असताना चुकून भलताच गिअर लागला तर?

ऑईलचे हात

वरचा लागला तर काही नाही, गाडी फक्त सुस्त होईल. खालचा लागला तर महागात पडतं. समजा तिसऱ्यात जोरात जाताय, चौथा टाकायला गेलात आणि लिव्हर दुसऱ्यात गेला. क्लच सोडल्या सोडल्या चाकं इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही, तो फक्त इंधन तोडतो, आणि इथे इंजिनाला इंधन नाही तर चाकं फिरवतायत. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात.

उपाय साधा आहे. लिव्हर मुठीत आवळून ओढू नका. तळहाताने हलकेच ढकला किंवा बोटांनी ओढा. मधल्या रेषेत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत, स्प्रिंगच लिव्हरला आणून ठेवते. तुम्ही नाकासमोर सरळ ओढलंत तर चौथाच लागतो. घोळ होतो तो आवळून स्वतःकडे किंवा पलीकडे ओढल्यामुळे. आणि गिअर टाकून झाल्यावर हात परत स्टिअरिंगवर. लिव्हरवर हात टेकवून ठेवला तर आतल्या, गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर सतत दाब पडतो.

दोन देशांत

उजव्या आणि डाव्या दोन्ही बाजूंच्या स्टिअरिंगच्या मॅन्युअल गाड्या चालवल्यात म्हणून सांगतो: पेडलचा क्रम तोच राहतो, क्लच कायम डाव्या पायाला. गिअरचा नकाशाही तसाच राहतो, फक्त हात बदलतो. पहिले काही दिवस दाराच्या काचेचं बटण चाचपडायला होतं, मग बसतं.

दुसरं, ज्यांची मुलं शिकणार आहेत त्यांच्यासाठी. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर मॅन्युअल चालवायचा परवाना मिळत नाही. जपानमध्ये १९९१ पासून फक्त ऑटोमॅटिकचा वेगळा परवाना आहे. जर्मनीने २०२१ मध्ये मधला मार्ग काढला, परीक्षा ऑटोमॅटिकवर द्या, पण आधी मॅन्युअलवर पंचेचाळीस मिनिटांचे किमान दहा धडे घ्या आणि शाळेतच पंधरा मिनिटं चालवून दाखवा, मग दोन्ही चालवता येतील. एकदा मॅन्युअल शिकून ठेवलं की पुढे दार बंद होत नाही.

विजेवर

काही वर्षांनी हा धागा लोक पुरातत्त्व विभागात वाचतील. इलेक्ट्रिक गाडीत एकच रिडक्शन गिअर, क्लच नाही, बंद पडणं नाही.

आकडेमोड

आणि तरीही ह्युंदाईने आयोनिक ५ एन मध्ये खोट्या आठ गिअरचे झटके आणि आवाज मुद्दाम घालून दिलेत. माणूस विचित्र आहे.

शांत सवारी

+१, माणूस विचित्र आहे याला.

तिसरं पेडल (धागाकर्ती)

विजेवर, चार्जिंगची सोय झाली की विचार करेन, आत्ता नाही.

गाडी बघायला जाणार आहे. मॅन्युअल घ्यायचीच ठरली तर चाचणी फेरीत काय बघू? शोरूमचा माणूस मोकळ्या रस्त्यावर नेतो आणि 'पिकअप बघा मॅडम' एवढंच म्हणतो.

रांगेतला

मोकळ्या रस्त्यावर जाऊच नका, सगळ्या गाड्या तिथे छान असतात. गर्दीच्या वेळी जा आणि रांगेत घाला. तीन गोष्टी बघा. पहिल्यात ॲक्सिलरेटरशिवाय गाडी सुरळीत रांगते की हिसके देते. वेग पंधरा-वीसवर आला असताना दुसऱ्यातून कुरकुर न करता उचलते का. उचलत नसेल तर आयुष्यभर पहिला-दुसरा करत बसाल. काही छोटी टर्बो इंजिनं इथे मार खातात, टर्बो जागा होईपर्यंत जोरच नसतो. आणि शेवटचं, डावा पाय टेकायला नीट जागा आहे का. ही जागा नसलेल्या गाड्या आहेत, आणि ते विकत घेतल्यावरच लक्षात येतं.

गुडघा बोलतो

क्लच किती उंचावर पकडतो तेही बघा. फार वर पकडत असेल तर दर वेळी पाय जास्त उचलावा लागतो. तुमच्या रोजच्या चपला-बुटांतच चालवून बघा, जाड तळव्याच्या बुटांत काहीच कळत नाही.

आणि हो, माझा क्लच दाखवला. केबल सुकलेली होती, प्लेटही शेवटाला आलेली. दोन्ही बदललं. पेडल इतकं हलकं झालंय की पहिल्या सिग्नलला गाडी गचका देऊन बंदच पडली.

ऑईलचे हात

वा! अभिनंदन. आता प्लेट नवीन आहे तोवर चढावर जपून.

गिअरबॉक्सच्या ऑईलबद्दल एक राहिलं. 'आयुष्यभर बदलायची गरज नाही' असं काही पुस्तिकांत लिहिलेलं असतं. ते कोणाच्या आयुष्यभर ते लिहिलेलं नसतं. गिअर थंडीत सकाळी जड लागायला लागले तर एकदा बदलून बघा. पण पुस्तिकेत जीएल-४ (गिअर ऑईलचा एक दर्जा) लिहिलं असेल तर 'हे त्याहून भारी' म्हणून कोणी जीएल-५ टाकू देऊ नका. त्यातली गंधकाची रसायनं काही ऑईलमध्ये पितळी सिंक्रो कडीला खातात, आणि ऑईल इतकं निसरडं असतं की कडीला वेग जुळवायला पकडच मिळत नाही.

तिसरं पेडल (धागाकर्ती)

मंडळी, खूप आभार. सध्या विचार असा आहे: घरात आणखी दोघं गाडी चालवतात आणि दोघांचाही रस्ता रांगेचाच, म्हणून त्यांच्यासाठी नवीन ऑटोमॅटिक. मला वापरलेली, पण चांगल्या स्थितीतली मॅन्युअल. ठराव फेटाळला नाही, दुरुस्तीसह मंजूर केला.

फक्त वापरलेली गाडी बघताना क्लच उरलाय की संपलाय हे कसं ओळखायचं? विकणारा तर 'नुकताच बदललाय' असंच म्हणणार.

ऑईलचे हात

बिल मागा. बिल नसेल तर हे करा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्यात चाळीस-पन्नासच्या वेगाने जात असताना ॲक्सिलरेटर एकदम तळाला दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग मात्र सावकाश वाढला तर प्लेट घसरतेय, म्हणजे संपली. काटा आणि वेग बरोबरीने चढले तर ठीक. हँडब्रेक ओढून तिसऱ्यात क्लच सोडून बघायची एक युक्ती लोक सांगतात, ती दुसऱ्याच्या गाडीवर करू नका, चांगला क्लचही त्यात भाजतो.

त्यानंतर इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, काचा बंद, एसी-पंखा बंद. क्लच सावकाश दाबा आणि सोडा. दाबताना घरघर आली तर रिलीज बेअरिंग. उलट सोडलेला असताना आवाज येतोय आणि दाबला की थांबतोय, तर तो गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगचा, आणि मग ती गाडी सोडा, दुसरी बघा. डिझेल असेल तर बंद करताना खडखड होते का तेही ऐका, ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, इंजिनाचे हिसके शोषणारं फ्लायव्हील) ढिलं झालं की तसं होतं. ते क्लचपेक्षा महाग असतं आणि बदलायचं तर दोन्ही एकदमच बदलावं लागतं. गाडी पक्की करायच्या आधी मॉडेल आणि किलोमीटर इथे टाका, बघू.